शंभर दिवस, शंभर घरं : घरखर्चाची सापशिडी

(पेडगाव, जि. परभणी इथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय घरखर्चाचा हिशेब. विषय ऐकताच तिघा-चौघांनी मोबाइल बाहेर काढले, ते मला इथून दिसलं. राग नाही. हिशेब हा शब्दच तसा आहे. आपल्याकडे हिशेब निघतो कधी? उधारी थकली की, भावाभावांत वाटणी आली की, नाहीतर घरात भांडण पेटलं की. हिशेब म्हटलं की कुणीतरी मागणार आणि कुणाची तरी मान खाली जाणार. अशा गोष्टीची गोडी कुणाला लागेल?

म्हणून आज त्याच हिशेबाचा एक खेळ तुमच्यापुढे मांडतो. त्याला एक वही लागेल, एक पेन लागेल आणि सापशिडीचा पट लागेल. पैसे लागणार नाहीत.

खेळ आधीच सुरू आहे

सुरुवात तुमच्या हातातल्या मोबाइलपासूनच करू. यूपीआय २०१६ साली आलं. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलनं ‘तेज’ नावाचं ॲप आणलं, आज आपण त्याला गूगल पे म्हणतो. पैसे पाठवले की एक कार्ड मिळायचं. ते बोटानं खरवडायचं आणि आत काय निघतंय ते बघायचं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे या युक्त्या जवळून बघतो. कार्डातून पाच रुपये निघोत की काहीच न निघो, खरवडताना जी उत्सुकता वाटते तीच त्या कार्डाची खरी कमाई. आमच्या धंद्यात याला गेमिफिकेशन म्हणतात. खेळ नसलेल्या कामात खेळाची गंमत घालायची : गुण द्यायचे, पायऱ्या करायच्या, रोज आलात म्हणून शाबासकी द्यायची.

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले. ते सोय आहे म्हणून झाले, खरवडायच्या कार्डांमुळे नव्हेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पैसे खर्च करण्याचा खेळ आपल्यासाठी कुणीतरी बसून तयार केलाय आणि तो आपण रोज खेळतो. खर्च लिहून ठेवण्याचा खेळ आपल्या दारात कुणी आणून देत नाही.

तसे प्रयत्न झालेत. तैवानच्या एका कंपनीनं ‘फॉर्च्यून सिटी’ नावाचं ॲप काढलं. त्यात खर्च नोंदवला की पडद्यावर एक इमारत उभी राहते, नोंदी वाढतील तसं शहर वाढतं. कल्पना झकास आहे. पण असं ॲप एका माणसाचं आणि एका मोबाइलचं असतं. आपल्या घरात पैसा चार हातांनी येतो, आठ हातांनी जातो आणि चांगला मोबाइल एकाच्याच खिशात असतो.

दुसरं, ‘पैशाचा खेळ’ म्हटल्यावर काही चाचांच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती रास्त आहे. मोबाइलवरच्या रमीनं आणि तसल्या खेळांनी किती पोरं बुडाली, हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आपल्या खेळात पैसा पणाला लागतच नाही. जिंकणाऱ्याला पैसा मिळत नाही आणि हरणाऱ्याचा जात नाही. जुगार आणि खेळ यांच्यातली ही रेघ पुसू द्यायची नाही.

भिशी काय शिकवते

असा खेळ आपल्याकडे कुणी रचलाय का? रचलाय. मागे बसलेल्या खालांनी रचलाय. त्याचं नाव भिशी, कुणी बीसी म्हणतं.

बारा जणी, दर महिन्याला पाचशे रुपये. सहा हजार जमतात. बाराजणींच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि एका लेकराला एक उचलायला लावायची. जिचं नाव निघालं तिला सहा हजार. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी डब्यात नसते, हप्ता मात्र चालूच असतो. वर्षात प्रत्येकीला सहा हजार मिळतात आणि प्रत्येकीनं सहा हजारच भरलेले असतात. कुणाला एक रुपया जास्त नाही की कमी नाही, त्यामुळे व्याज नको म्हणणाऱ्या घरांनाही ती चालते. आधी चिठ्ठी लागली तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटी लागली तर ती बचत.

मग त्याच पाचशे रुपयांची एकटीनं डब्यात बचत का होत नाही? कारण डब्याकडे कुणी बघत नसतं. भिशीत अकराजणी वाट बघत असतात. चहा असतो, पोहे असतात, ‘या वेळी माझीच निघणार’ ही चेष्टा असते. आणि महत्त्वाचं म्हणजे शाबासकी किती साठवलं याला नसते, वेळेवर आलात याला असते.

एक इशारा देऊन पुढे जातो. ओळखीच्या दहा-बारा जणींची भिशी वेगळी आणि ‘लकी ड्रॉ’च्या नावाखाली अनोळखी शेकडो लोकांकडून पैसे गोळा करणारी योजना वेगळी. असल्या बक्षीस योजनांवर १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बचत गटातल्या बाया इथे असतील, तर त्यांना पंचसूत्री पाठ असेल : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. गटाचा हिशेब चोख लिहिणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराचा हिशेब मात्र कुठेच लिहिलेला नसतो. तो भरून काढायला आपला खेळ आहे.

पट आणि नियम

बजेटची पुस्तकं महिन्याच्या हिशेबानं चालतात. एक तारखेला पगार, तीसला शिल्लक. पेडगावात किती घरांत एक तारखेला पगार येतो? इथे पैसा सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर येतो, कापूस वेचल्यावर येतो, मजुरीचा आठवड्यानं येतो आणि पुण्यातला भाऊ पाठवतो तेव्हा येतो. खर्च मात्र रोजचा आहे. बकरी ईद नुकतीच झाली, आता शाळा उघडतील, बी-बियाणं घ्यायचंय. पुढे फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस आहे. आपलं वर्ष असं चालतं.

म्हणून मी महिना सोडून सोयाबीनचं माप घेतलं. सोयाबीन पेरल्यापासून काढणीपर्यंत साधारण शंभर दिवस लागतात आणि सापशिडीत घरं असतात शंभर. पेरणीच्या दिवशी सोंगट्या पहिल्या घरात ठेवायच्या आणि पीक निघेपर्यंत खेळायचं.

सापशिडी आपलीच आहे, हेही सांगून ठेवतो. मराठीत तिला मोक्षपट म्हणत आणि परंपरा तो पट ज्ञानेश्वरांशी जोडते. सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले, शिडीच्या पायाशी सद्गुण. सूफींमध्येही असाच पट खेळला जाई, त्याचं नाव ‘शतरंज-उल-आरिफीन’. माणसानं स्वतःकडे बघावं म्हणूनच हा पट बनला होता.

बाजारचा पट वापरू नका. त्यातली एक शिडी पन्नास घरं वर नेते आणि खेळ महिन्यातच आटोपतो. पुठ्ठ्यावर शंभर घरं स्वतः आखा. आठ शिड्या काढा, सात घरांपेक्षा लांब नको. आठ साप काढा, तीन घरांपेक्षा लांब नको. सोंगटी म्हणून चिंचोका, बटण, बाटलीचं झाकण, काहीही चालेल. फासा नाही.

पहिला नियम : ज्यानं त्या दिवसाचा खर्च लिहिला, त्याची सोंगटी एक घर पुढे. दहा रुपये लिहिले तरी एक घर, दोन हजार लिहिले तरी एकच घर. काहीच खर्च झाला नसेल तर शून्य लिहायचं, त्यालाही एक घर. दादीला लिहिता येत नसेल तर तिनं सांगायचं, नातवानं लिहायचं आणि घर दादीचं.

दुसरा नियम सापाचा. सापाच्या तोंडावर आलात आणि मागचे सातही दिवस लिहिलेले असतील, तर साप झोपलेला आहे, खुशाल ओलांडा. एक जरी दिवस कोरा असेल तर साप जागा आहे, खाली उतरा. उतरायचं तीनच घरं. मोबाइलवरच्या खेळांत रोजची साखळी तुटली की सगळं शून्यावर येतं आणि माणूस रागानं खेळच सोडतो. आपल्याला माणूस सोडायचा नाही.

तिसरा नियम शिडीचा. रविवारी रात्री जेवणं झाली की प्रत्येकानं सांगायचं, येत्या आठवड्यात किराणा किती रुपयांचा होईल. पुढच्या रविवारी बेरीज करायची. समजा ८०० रुपये झाले, तर ७२० ते ८८० च्या मधला अंदाज बरोबर धरायचा. शेवटचा अंदाज ज्याचा बरोबर, तोच शिडीच्या पायाशी आल्यावर वर चढेल. पहिले दोन आठवडे बघा, गंमत असते. किराणा आणणाऱ्याचा अंदाज आणि स्वयंपाक करणारीचा अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

चौथा नियम : मुनीम दर आठवड्याला बदलेल. एका आठवड्याला अब्बा, दुसऱ्याला अम्मी, तिसऱ्याला आठवीतली बहीण. वही मुनिमाकडे राहील आणि रविवारी तोच मोठ्यानं वाचेल. बाकीच्यांनी ऐकायचं.

पाचवा नियम : उधारी, हातउसनं आणि उचल यांचं पान वेगळं. घेतलं ते लिहायचं, दिलं तेही लिहायचं आणि दर किती तेही लिहायचं. ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतं. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, दहा हजारांवर ३,६०० रुपये. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, देण्या-घेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

बक्षीस काय? जिंकणाऱ्याच्या आवडीचं जेवण, आठवडाभर भांडी घासण्यातून सुट्टी, असं काहीतरी. पैसे देऊ नका. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं, ‘चित्र काढलंत तर बक्षीस देऊ.’ बक्षीस दिलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. बक्षीस मोठं झालं की काम छोटं होतं.

बचतीला गुण का नाहीत

आता तुम्ही विचाराल, हे सगळं ठीक, पण जो कमी खर्च करेल त्याला गुण का नाहीत? शेवटी पैसा वाचवायचाच आहे ना?

माझ्या कामातला एक अनुभव सर्वांचा आहे : ज्या आकड्याला तुम्ही बक्षीस लावाल, तो आकडा लोक वाढवून दाखवतात, मग त्यामागचं काम होवो न होवो. आता घरात बचतीला बक्षीस लावा आणि बघा पहिली कात्री कुठे लागते. अब्बांच्या तंबाखूला लागत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याचा खर्च घरोघर चालूच आहे. कात्री लागते अम्मीच्या ताटाला. ती म्हणते, ‘मला भूक नाही.’ रक्तदाबाची गोळी ती एक दिवसाआड घेते. बहिणीचा बसपास ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतो. आणि वहीत दिसतं की घरानं छान बचत केली.

म्हणून दवाखाना, औषध, दूध, अंडी, शाळा यांवरच्या खर्चाला आपल्या पटावर साप नाही आणि ते कमी केल्याबद्दल शिडीही नाही. पट फक्त एकच विचारतो : लिहिलं का?

आणखी एक धोका मुलींच्या लगेच लक्षात येईल. वही हे पाळत ठेवायचं साधनही होऊ शकतं. ‘हे वीस रुपये कुठे गेले?’ हा प्रश्न घरात कुणाला विचारला जातो आणि कुणाला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून सहावा नियम, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा : प्रत्येकाचा ‘माझं’ नावाचा एक रकाना असेल. त्यात फक्त रक्कम लिहायची, कशावर ते लिहायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. त्याची मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवायची आणि ती घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सारखी असेल. भाऊ असो की बहीण, कमावणारा असो की न कमावणारी. हा नियम मान्य नसेल तर खेळ सुरू करू नका. नाहीतर आपण घरात फौजदार बसवू.

जपानमध्ये १९०४ साली हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी घरखर्चाची वही काढली, तिला काकेइबो म्हणतात. आजही ती वापरली जाते. घर चालवणारीच्या हातात घराचा आकडा असावा, हा त्या वहीचा मोठा गुण. आपल्या खेळातला फिरता मुनीम त्याच कामासाठी आहे.

आणि हो, वही कागदाची का, मोबाइलमध्ये का नाही? मोबाइल वाईट नाही, एक्सेल तर माझं आवडतं. पण कागदाची वही चुलीजवळ ठेवता येते आणि तिला कुणी पासवर्ड घालत नाही. शिवाय खर्चाच्या नावाखाली तुमचे मेसेज आणि फोनबुक मागणारी ॲप्स असतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच डिजिटल कर्ज देणाऱ्यांना बजावलंय की ॲपनं ग्राहकाच्या संपर्क यादीला आणि कॉल नोंदींना हात लावायचा नाही. ज्या कर्जाच्या ॲपला तुमच्या मामाचा नंबर हवाय, ते ॲप काढून टाका.

वहीनं काय दाखवलं

आमच्या घरी हा खेळ दोन हंगाम झाला. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर, बाकीचे घरी. मला वाटलं होतं, वहीत रिचार्ज आणि पान-सुपारी निघेल. निघालीच. पण पहिल्या हंगामात सगळ्यांचे डोळे एका वेगळ्या ओळीवर थांबले.

बहिणीला शिष्यवृत्तीसाठी एक दाखला हवा होता. त्यासाठी अब्बा तालुक्याच्या एका कार्यालयात सहा वेळा गेले. कधी साहेब नाहीत, कधी सर्व्हर बंद, कधी ‘आणखी एक झेरॉक्स आणा’. बसभाडं, झेरॉक्स, फोटो, चहा, सगळं वहीत तुकड्या-तुकड्यानं होतं. मुनीम होती बहीणच. तिनं रविवारी ते वेगळं काढून बेरीज केली : ९४० रुपये. शिवाय बुडालेल्या सहा मजुऱ्या. अब्बा तोवर म्हणत होते, ‘अरे, जाऊन येतो, काय लागतंय.’ बेरीज ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ये लिखके रख.’

लिहिलेलं होतंच, तारखांसकट. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं, मुदत टळली तर अपील करता येतं. बहिणीनं अपिलाचा अर्ज लिहिला आणि वहीतल्या सहा तारखा जोडल्या. दाखला मिळाला. तोंडी तक्रारीत आपण म्हणतो, ‘लई चकरा मारायला लावतात.’ त्याला कुणी उत्तर देत नाही. सहा तारखांना द्यावं लागतं.

गरिबीचा एक खर्च असा असतो जो कुठल्याच बजेटच्या पुस्तकात नसतो. कागद जमवायचा खर्च, वाट बघायचा खर्च, माहिती नसल्याचा खर्च. तो तंबाखूसारखा डोळ्यांवर येत नाही, कारण त्याची आपल्याला सवय झालेली असते. लिहिला की दिसतो.

घरातून ग्रामसभेत

ज्या घरात आठवीतली मुलगी रविवारी बापासमोर खर्च वाचून दाखवते, तिथे दोन गोष्टी घडतात. हिशेब मागणं म्हणजे अपमान नव्हे, हे बापाला कळतं. आणि हिशेब मागायला भ्यायचं नसतं, हे मुलीला कळतं.

हीच सवय घेऊन ग्रामसभेत जा. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टल आहे, त्यावर आपल्या गावाचं नाव टाकून कामं आणि रकमा बघता येतात. तिथले आकडे बघून घाबरायचं कारण नाही. शंभर दिवस किराण्याचा अंदाज बांधणाऱ्याला नालीच्या खर्चाचाही अंदाज बांधता येतो. आपल्या मोहल्ल्यातली नाली कधी होणार, हे चिडून विचारण्यापेक्षा वही उघडून विचारलेलं बरं.

काहीजण म्हणतील, आमच्याकडे लिहायला पैसाच कुठे आहे? जिथे पैसा कमी, तिथे एकेक रुपया जास्त कामं करतो, आणि म्हणूनच तो कुठे गेला हे ठाऊक असणं जास्त गरजेचं. या वहीनं मजुरी वाढणार नाही, सोयाबीनला भाव येणार नाही. पण भाव आणि मजुरी मागायला जाताना हातात आकडा असेल.

आता कामाचं बोलू. मृग तोंडावर आहे. दाराशी पुठ्ठे आणि स्केचपेन ठेवलेत. इथून जाताना शंभर घरं आखूनच जा. साप कुठे काढायचे ते घरी सगळ्यांना विचारून ठरवा, लहानांना आधी विचारा, त्यांना साप काढायला आवडतं. पेरणीच्या दिवशी पहिली नोंद करा. सोयाबीन निघालं की वह्या घेऊन इथेच बसू. कुणी किती वाचवलं हे विचारणार नाही. कुणाच्या वहीतली कुठली ओळ बघून घर गप्प झालं, ते ऐकायचंय.